शांत स्वभावाच्या कोंबड्या: तुमचे अनुभव लिहा

परसात चार-पाच कोंबड्या पाळायच्यात. मुलगी लहान आहे, त्यामुळे अंडी थोडी कमी दिली तरी चालेल पण अंगावर येणारी नको. ओरपिंग्टन, सिल्की की ब्रह्मा यात अडकलेय. ज्यांनी पाळल्यात त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

---

डोळे झाकून बफ ओरपिंग्टन घ्या. आमची तर दाणे घेऊन बाहेर आलं की पायात पायात करते, पोरं काखेत मारून फिरवतात तरी हूं की चूं नाही. फक्त खुडूक फार होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. खाली अंडं नसलं तरी पिसं फुलवून बसून राहते, खाणंपिणं सोडते, मग उचलून पाण्यापाशी न्यावी लागते आणि तेवढे दिवस अंडी बंद. अंगाने जड आहे, ऊन सोसत नाही, सावली हवीच.

---

सिल्की आमच्या घरातली सगळ्यात लाडकी. पण पिसं केसांसारखी असतात, पाणी ओघळून जात नाही, पावसात पार चिंब होते आणि टॉवेलने पुसून कोरडी करावी लागते. उडता येत नाही म्हणून उंच दांडीवर जात नाही, रात्री खाली कोपऱ्यात सगळ्या एकमेकींना चिकटून झोपतात. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, बाजूने कोणी आलं की दचकते. डोळ्यांपुढची पिसं थोडी कातरा, लगेच फरक दिसतो.

---

जातीइतकंच सोबत कोण आहे हे बघा!! बहिणीकडे सिल्कीबरोबर ऱ्होड आयलंड रेड होत्या, त्या अंडी भरपूर देतात पण दाण्याच्या भांड्यापाशी दुसरीला उभं राहू देईनात, एकीचं डोकं टोचून रक्त काढलं आणि रक्त दिसल्यावर बाकीच्याही तिथेच टोचायला लागल्या. वेगळं खुराडं केलं तेव्हा कुठे थांबलं. गरीब कोंबड्या गरिबांतच ठेवा.

---

ब्रह्मा थोराड असते पण स्वभावाने गाय. पायांवर पिसं असल्याने चिखल चिकटतो, जमीन कोरडी ठेवा. अंड्यावर उशिरा येते.

---

ऑस्ट्रालॉर्प कोणीच कसं सुचवलं नाही? शांत आहे आणि अंड्यालाही पक्की, १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली होती. माझं मत, दोन ऑस्ट्रालॉर्प आणि दोन ओरपिंग्टन, सगळी पिल्लं एकाच वयाची आणा आणि मुलीला रोज हातावर दाणे घेऊन त्यांच्यात बसू द्या.