फक्त महत्त्वाचे मेसेज (ए आणि बी विंग)

बी-३०२ वहिनी: मागच्या कंपाउंडला जेसीबी लागलाय. कुणी बोलावला? उंबराच्या बुडाशीच बकेट घातलंय त्यानं.

बी-१०४: शुभ सकाळ 🌹

सेक्रेटरी: नमस्कार. मिरगाच्या आधी नाला साफ करायचा असं कमिटीत ठरलं होतं. पार्किंगमध्ये साप निघाल्यापासून किती फोन आले ते माझं मला माहीत.

ए-१०१ तात्या: नाला म्हणू नका. नदी आहे. आपल्या कोल्हापूरची जयंती नदी.

ए-२०३: तात्या, वास तर नाल्याचाच येतोय की 😂

ए-१०१ तात्या: वास आपण सोडलेल्या पाण्याचा आहे. ती कळंब्याच्या अंगानं येते, गोमती तिला मिळते, पुढं पंचगंगेला जाते. मागच्या दगडी पायऱ्यांवर माझी आई धुणं धुवायची.

बी-३०२ वहिनी: पायऱ्यांचे तीन दगड उपटलेत तात्या. फोटो टाकलाय बघा.

चेअरमन: दगड नीट बाजूला ठेवायला सांगितलेत. भिंत घालायची तर जागा मोकळी नको? १९ साली पाणी कुठपर्यंत आलतं विसरलात? तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्ही तळात.

बी-३०२ वहिनी: आठ दिवस तुमची सहा माणसं आमच्याच हॉलमध्ये होती साहेब. कधी काढलं नव्हतं मी.

चेअरमन: काढलंत की आत्ता.

ए-४०१ सर: विषयावर येऊ. भिंतीनं पूर अडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी. त्याच्या वर पाणी चढत गेलं की पंचगंगा जयंतीचं पाणी घेत नाही, उलट मागं ढकलते. म्हणून सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर पाण्यात जातात. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आपली सहा फुटी भिंत काय करणार? उंबर, करंज गेले तर काठाची माती तेवढी सुटेल. मग पार्किंगच खचेल.

ए-२०३: म्हणजे साप पण ठेवायचा?

ए-४०१ सर: ती दिवड होती. बिनविषारी. बेडूक, मासे खाते.

ए-२०३: हे आमच्या सौ.ना सांगायला या एकदा. त्या दिवसापासून तिची स्कूटी मी काढून देतोय.

बी-१०४: फॉरवर्डेड: सकाळी कोमट पाणी पिण्याचे ११ फायदे

सेक्रेटरी: कृपया फक्त महत्त्वाचे मेसेज. १०४, तुमचा मार्चचा मेंटेनन्स बाकी आहे.

बी-३०२ वहिनी: त्या झुडपात दर पावसाळ्यात पाणकोंबडी घरटं करते. काळी काळी पिल्लं घेऊन फिरते. खंड्या रोज आमच्या खिडकीसमोरच्या वायरीवर. झुडूपच काढलं तर ती यंदा जाणार कुठं?

चेअरमन: माणसं बुडाली तरी चालतील, कोंबडी जगली पाहिजे.

ए-१०१ तात्या: वरुणतीर्थ तळं बुजवलं, गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम. कळंब्याच्या तलावाचं पाणी पाण्याच्या खजिन्यात, म्हणजे शहराच्या जुन्या टाकीत यायचं, आता खजिना नुसता पत्ता सांगायला उरलाय. आता हिचा नंबर. म्हणून म्हणतो, नाला म्हणू नका.

ए-२०३: म्हणूनच स्टेडियमवर जरा पाऊस झाला की तळं होतंय! पाटाकडील तालमीच्या फुटबॉलच्या पोरांना सवय हाय, नावातच पाट हाय 😂

बी-२०२ दादा: पाटाकडीलचं नाव काढायचं काम नाही भावा.

ए-२०३: ये की खाली, बोलूया.

सेक्रेटरी: फुटबॉलचा ग्रुप वेगळा आहे. 🙏

ए-४०१ सर: १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं विनापरवाना तोड करता येत नाही. ५० वर्षांवरचं झाड तर आता हेरिटेज धरतात, आणि हा उंबर तात्यांच्या लहानपणीही एवढाच होता. परवानगीचा कागद ग्रुपवर टाका.

चेअरमन: तोडणार कोण म्हणालं? फांद्या छाटायच्या होत्या.

बी-३०२ वहिनी: जेसीबीनं फांद्या छाटतात होय?

चेअरमन: मग तुम्हीच चालवा सोसायटी. मी राजीनामा देतो.

ए-२०३: साहेब, गेल्या वर्षीचा अजून मागं घ्यायचा राहिलाय 🙏

ए-४०१ सर: आणखी एक. बी विंगची पावसाळी पाइप थेट नदीत सोडलीय, आणि चार किचनचं पाणी त्यात जोडलंय. तेच ड्रेनेजला दिलं तर जयंती पंपिंग स्टेशनवरून कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जाईल. साफसफाई तिथनं सुरू करू.

ए-१०१ तात्या: कुठली चार?

बी-१०४: शुभ दुपार

बी-३०२ वहिनी: तिसरा दगड सापडला. २०२च्या गाडीच्या चाकाखाली लावलाय.

बी-२०२ दादा: ओ वहिनी, हँडब्रेक गेलाय. तात्पुरता ठेवलाय.

ए-१०१ तात्या: मधोमध खोलगट आहे ना? तोच. आईचा.

बी-२०२ दादा: आणून देतो तात्या. संध्याकाळी. एकट्याला उचलत नाही.

ए-२०३: मी येतो धरायला.

सेक्रेटरी: जेसीबी परत पाठवला आहे. दोन तासांचं भाडं झालं. कुठल्या हेडला टाकू?

चेअरमन: हा मेसेज डिलीट केला आहे

ए-१०१ तात्या: डिलीट का केला? वाचला मी. आणि त्यातही नालाच लिहिलं होतं.