जर्मन सेडान: कूलंट आणि ऑइल सतत कमी होतंय

2013 ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, 92,000 किमी. रोज अंधेरी ते फोर्ट. महिन्याला अर्धा लिटर कूलंट लागतं, पण खाली थेंब नाही. सिग्नलला थांबून निघालं की निळसर धूर. गॅरेजवाले म्हणतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडा. आधी काय तपासू?

उत्तर 1:
हेडची घाई करू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट टाकीची टोपी काढा, तिथे प्रेशर टेस्टरचा हातपंप लावून टोपीवर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या आणि पंधरा मिनिटं त्याच्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाऊसिंगचे सांधे बघा. तिथे सुकलेला, मिठासारखा डाग दिसेल. तापलेल्या इंजिनावर गळती जागीच वाळते, म्हणून जमीन कोरडी. दाब टिकला तर टाकीवर गॅस टेस्ट करा, म्हणजे कूलंटमध्ये इंजिनातला जळलेला वायू शिरतोय का ते रंग बदलणाऱ्या द्रवाने कळेल. निळं द्रव पिवळं झालं तरच हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या सीलचा) संशय.

उत्तर 2:
धुराचं वर्णन व्हॉल्व्ह सीलचं (व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणाऱ्या रबराचं) आहे. आयडलिंगला व्हॅक्यूम जास्त असतो, कडक झालेल्या रबरातून ऑइल झिरपतं आणि निघताना जळतं. पण त्याआधी पीसीव्ही (इंजिनाच्या आतले वायू परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह) बघा, हे काम कितीतरी स्वस्त. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उचला. ती घट्ट ओढली गेली, शिट्टी आली, तर त्याचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय.

उत्तर 3:
पंप गेला असेल तर थर्मोस्टॅट, गॅस्केट, होजही सोबतच बदला, मजुरी एकदाच पडते. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातला वापरलेला पंप कृपया नको. नळाचं पाणी तर अजिबात नको: कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, मग हवा नीट काढा.