बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात. वस्तीतले सगळे दोन हातपंपांवर पाणी भरतात. मागच्या महिन्यात किटने तपासलं, तर नळीतला गुलाबी रंग बघता बघता पिवळा पडला, म्हणजे फ्लोराइड जास्त. मग प्रयोगशाळेत नमुना दिला, लिटरला २.८ मिलिग्रॅम फ्लोराइड आलं. मर्यादा १, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. आमच्या पोरांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे आम्ही इतकी वर्षं ‘नीट घासत नाहीत’ म्हणून त्यांच्याच माथी मारत होतो!

चार वर्षांपूर्वी एका संस्थेने फिल्टर बसवून दिला होता. सहा महिने चालला. आतलं फ्लोराइड शोषून घेणारं अ‍ॅल्युमिना ठरावीक काळाने धुऊन पुन्हा कामाचं करावं लागतं, हे कुणी सांगितलंच नाही. आता त्यावर कोंबड्या बसतात.

उकळून उपयोग नाही, उलट फ्लोराइड दाट होतं, एवढं कळलंय. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, तुरटी-चुना घालून फ्लोराइड गाळात खाली बसवायची नालगोंडा पद्धत कुणी गावपातळीवर वर्षभर चालवली आहे का? तुरटीचा डोस रोज कोण मोजतं आणि खाली बसलेला गाळ कुठे टाकता?

दुसरं म्हणजे, नाल्याकाठी एक जुनी उथळ विहीर आहे. उथळ पाण्यात फ्लोराइड बहुधा कमी असतं म्हणतात. गाळ काढून, ब्लीचिंग टाकून फक्त पिण्यापुरती तीच वापरावी का? उन्हाळ्यात आटते, हीच पंचाईत. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर बरं होईल.