मदत हवी आहे : एकाच स्वयंपाकघरातील पाच जणांची वजने पाच तऱ्हांची, घरच्या आहाराचा दर्जा कसा तपासावा?

नमस्कार. आमचे घर सांगलीत असून घरात सासूबाई, माझे यजमान, मी, धाकटे दीर आणि जाऊबाई अशी पाच प्रौढ माणसे आहेत. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी असल्यामुळे सध्या स्वयंपाक पाच जणांचाच होतो. गेल्या महिन्यात सर्वांची आरोग्य तपासणी करून घेतली. माझे वजन 70 किलो आणि उंची 155 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 29 निघाला, यजमानांचा 27.7, जाऊबाईंचा 24.4 आणि दिरांचा 22.6. सासूबाई मात्र जेमतेम 42 किलोच्या आहेत आणि त्यांचे वजन आणखी उतरू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. दिरांचे सर्वांत मोठे कोडे आहे, कारण अंगाने सडसडीत दिसत असूनही त्यांच्या कमरेचा घेर 95 सेंटिमीटर भरला आणि उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली. सल्ला मात्र सर्वांना एकच मिळाला : घरचा आहार सुधारा.

मी वाणसामानाची वही नियमित ठेवते. एका महिन्याचा हिशेब असा आहे : गहू 25 किलो, तांदूळ 12, ज्वारी 6, पोहे, रवा आणि साबुदाणा मिळून 4, तूरडाळ व कडधान्ये मिळून 6, शेंगदाणे 3, साखर 6 किलो आणि तेल 6 लिटर. दूध रोज 2 लिटर येते, भाजी कांदा-बटाट्यासह रोज साधारण 1 किलो लागते. फळे सणावाराला किंवा कोणी आजारी पडल्यास येतात. याशिवाय फरसाण, भडंग आणि बिस्किटे यांची रक्कम ‘इतर’ या सदराखाली एकत्र लिहिलेली आहे.

आहारातील विविधता मोजण्याची 12 अन्नगटांची एक पद्धत वाचनात आली, म्हणून एका दिवसाचे जेवण त्यात बसवून पाहिले. आम्ही मांस-मासे खात नाही, तरीही अंडी धरून 12 पैकी 10 गुण मिळाले. इतके चांगले गुण मिळणाऱ्या घरात वजने अशी का वाढावीत, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे : 70 किलोची मी आणि 42 किलोच्या सासूबाई एकाच कढईतले जेवत असू, तर सुधारणा नेमकी कोठे करावी? दोन वेगळे स्वयंपाक करणे मला शक्य नाही, हे आधीच नमूद करते.

प्रतिसाद १

ताई, आपल्या वहीमुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. प्रथम त्या 10 गुणांविषयी. 12 गटांची ही पद्धत घराला निरनिराळे अन्न मिळू शकते की नाही, हे टंचाईच्या परिस्थितीतही चटकन कळावे म्हणून वापरली जाते. तिच्यात तेलाला एक गुण आहे, साखरेला एक गुण आहे आणि चहा-मसाल्यांनाही एक गुण आहे. शिवाय पदार्थ चमचाभर खाल्ला की वाटीभर, याची नोंद तीत होत नाही. म्हणून शिऱ्याचा बेत झाला की गुण वाढतात आणि कमरेचा घेरही वाढू शकतो. हे मोजमाप लठ्ठपणासाठी लावणे म्हणजे ताप पाहण्यासाठी तराजू आणण्यासारखे आहे.

आता वहीकडे वळू. पाच माणसे आणि 30 दिवस धरल्यास प्रत्येकाच्या वाट्याला रोज धान्य सुमारे 313 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 40, साखर 40, तेल साधारण 37 ग्रॅम आणि भाजी 200 ग्रॅम येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या ताटासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, भाज्या 400, फळे 100, सुकामेवा व तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध 300 मिलिलिटर असे प्रमाण दिले आहे. म्हणजे आपल्या घरात डाळ आणि भाजी निम्म्यावर आहे, तर धान्य आणि तेल बरेच पुढे गेले आहे. माझ्या ढोबळ हिशेबाने माणशी 2200 कॅलरी होतात, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या धान्यातून येतात. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची सरासरी गरज 2110 आणि स्त्रीची 1660 कॅलरी मानली जाते. आपल्या घरात दोन पुरुष व तीन स्त्रिया असल्यामुळे सरासरी 1840 च्या आसपास येते. पाहुणे, नासाडी आणि मोलकरणीला दिलेले जेवण वजा केले, तरी काही शिल्लक उरतेच.

परंतु ही शिल्लक पाच जणांत सारखी वाटली जात नाही, आणि घरगुती हिशेबाची खरी मर्यादा येथेच आहे. सासूबाई सरासरीच्या बऱ्याच खाली असणार. उरलेली पोळी आणि पातेल्यातली भाजी टाकवत नाही म्हणून शेवटी कोण संपवते, हे आपणच सांगू शकाल.

दिरांचे कोडे मात्र पुण्याने जगाला दाखवलेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय 22.3 असाच होता, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के निघाली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. बीएमआय सारखा असूनही भारतीयांच्या शरीरात चरबी जास्त असू शकते, म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना 90 व स्त्रियांना 80 सेंटिमीटर मानतात. या मापाने जाऊबाईसुद्धा सीमा ओलांडून गेल्या आहेत.

प्रतिसाद २

वरील हिशेब मला मान्य आहे. मी ‘इतर’ या सदराकडे लक्ष वेधतो, कारण तेथे आपण वजन न लिहिता फक्त रक्कम लिहिली आहे. 2022-23 च्या केंद्रीय उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी 10.64 टक्के वाटा पेये व तयार खाद्यपदार्थांचा होता आणि तृणधान्यांचा केवळ 3.64 टक्के. बाहेर खाल्लेले तर वाण्याच्या वहीत येतही नाही.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक लागणार नाही. कढईत ओतलेले तेल पाचही ताटांत जाते, पण वरून वाढलेले तूप एकाच ताटात जाते. फोडणी सर्वांसाठी हलकी करावी, आणि त्यांच्या वरणात तूप, भाकरीबरोबर दाण्याची चटणी व लोणी, शिवाय रोज एक अंडे असे ताटातच वाढवावे. वजन आपोआप उतरत असेल, तर त्याचे कारणही डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. वजन कमी करण्यासाठी कोणी नुकताच आहार बदलला असेल, तर तेही कळवावे. अशा घरात चांगला आहार आणि जास्त वजन एकाच वेळी दिसते आणि आहारामुळेच वजन वाढले, असा उलटा निष्कर्ष निघतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. पातेले मीच संपवते, हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे झाले. जाऊबाईंनी दोन महिन्यांपूर्वी रात्रीचा भात सोडला आहे, त्यांचा 24.4 हा आकडा त्यानंतरचा आहे, हे मी सांगायला विसरले होते.

वहीत आता घराबाहेरच्या खाण्यासाठी वेगळे पान केले आहे. पहिल्या आठवड्यात दिरांच्या नावावर कारखान्याच्या फाटकावरचे नऊ वडापाव आणि रोजचे चार साखरेचे चहा नोंदले गेले. यजमानांचे पान मात्र अजून संशयास्पदरीत्या कोरे आहे. तेलाच्या नव्या डब्यावर फोडल्याची तारीख घातली असून महिन्याला साडेचार लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. डाळ 85 ग्रॅमपर्यंत नेण्यास महिन्याला पावणेतेरा किलो लागेल, आणि खर्चापेक्षा मला पोटाची चिंता वाटते, कारण यजमानांना उसळीने वायू धरतो. एकदम न वाढवता मोड आणून आणि मुगापासून सुरुवात करून हे प्रमाण कोणी गाठले असल्यास किती आठवडे लागले, ते कृपया कळवावे.