मदत हवी आहे: नैराश्यावरच्या समुपदेशनाची चाचणी, मधेच यायचे थांबणारे रुग्ण कसे धरायचे?

गोदातीर
दिंडोरी, निफाड आणि सिन्नरच्या ओपीडीत चाचणी आखतो आहोत. एका गटाला नेहमीची औषधं, दुसऱ्याला तीच औषधं आणि समुपदेशकाबरोबर 40-40 मिनिटांच्या आठ बैठका. पीएचक्यू-9 वर (रुग्णाला विचारायची नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली) 10 किंवा जास्त गुण असलेले रुग्ण घ्यायचे आणि 12 आठवड्यांनी हॅमिल्टनच्या 17 मुद्द्यांच्या श्रेणीने (तपासणाऱ्याने रुग्णाशी बोलून नैराश्याला गुण द्यायची पद्धत) मोजायचं. प्रत्येक गटात 30 धरलेत. कोण कुठल्या गटात याच्या चिठ्ठ्या समुपदेशकाकडे असतील. जे परत येणार नाहीत त्यांचे शेवटचे गुण तसेच पुढे धरले तर चालेल का? आणि दिल्लीची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची, परवानगी लागते का?

आकडेमोड
30 मध्ये भागणार नाही. एवढ्या संख्येत 80 टक्के शक्यतेने फरक पकडायचा, तर तो सुमारे 0.74 प्रमाण विचलन (रुग्णांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) इतका मोठा हवा. औषध दोन्हीकडे सारखंच असताना बैठकांमुळे एवढा फरक पडेल असं धरू नका. 0.5 धरलात तर गटाला 64 लागतात, 20 टक्के गळती धरून 80, म्हणजे एकूण 160. तीन केंद्रांवर आठवड्याला दोन-दोन पात्र रुग्ण मिळाले तरी 27 आठवडे जातील.

शेवटचे गुण पुढे ओढणं सोडा. कुणी बरं वाटलं म्हणून येत नाही, कुणाला घराबाहेर पडवत नाही म्हणून. दोघांना एकाच मापाने मोजलं की उत्तर कुठल्याही बाजूला झुकू शकतं. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला मोजा, मिश्र परिणाम प्रतिमान (मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल, काही भेटी चुकल्या तरी त्या रुग्णाची बाकीची मोजमापं हिशेबात घेणारी पद्धत) वापरा आणि ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोजा, मग तो दोनच बैठकांना आला असला तरी.

द्राक्षबाग
वेळापत्रक शेतीच्या हंगामाशी ताडून बघा. निफाड-दिंडोरीत जुलैत घेतलेल्या रुग्णाचा बारावा आठवडा बरोबर द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत येतो. ऑक्टोबरात घेतलेल्याचा जानेवारीत, म्हणजे काढणी सुरू होताना. त्या दिवसांत मजुरी बुडवून कोण येणार? प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या, पण रक्कम नीतिशास्त्र समितीकडून आधी मंजूर करून घ्या. संध्याकाळी सहानंतरची वेळ ठेवा. पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर घ्या आणि दुसरा नंबर ज्याचा आहे त्याला काय सांगायचं ते रुग्णालाच विचारा. समुपदेशनाला जातो हे घरी कळू नये असं अनेकांना वाटतं.

मोजपट्टी
चिठ्ठ्या समुपदेशकाकडे नकोतच. समोर रडणारी बाई बसली की पुढची चिठ्ठी 'बैठका' असलेली निघावी असं माणसाला वाटतंच, आणि नकळत नाव नोंदवायला उशीर होतो. यादी नाशिकला, रुग्णांशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा आणि नोंदणी झाल्यावर फोनवर गट विचारा. फोन लागत नसेल तिथे अनुक्रमांकाची जाड, अपारदर्शक पाकिटं वापरा. आत काळा कागद आणि कार्बन घाला. पाकीट उघडण्याआधी वर नाव-तारीख लिहिली की ती आतल्या चिठ्ठीवर उमटते, मग पाकीट बदललं तर उघडकीला येतं. यादी केंद्रनिहाय करा, आणि चिठ्ठ्यांचे नुसते चार-चारचे संच (प्रत्येक संचात दोन्ही गटांच्या सारख्या चिठ्ठ्या) पाडू नका, शेवटची चिठ्ठी ओळखता येते. चार आणि सहाचे संच मिसळा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ओपीडीतल्या डॉक्टरांना गट कळला तर बैठकांना जाणाऱ्याचा डोस ते वाढवत नाहीत आणि दुसऱ्याचा वाढवतात. मग दोन्ही गटांत औषध सारखं राहतच नाही. म्हणून गट केसपेपरवर लिहू नका. औषधाचं नाव, डोस आणि साठा संपून बदललेली गोळी मात्र दर भेटीला लिहा.

नियमावली
2019 चे क्लिनिकल ट्रायल नियम औषधांसाठी आहेत. नुसत्या बैठका तपासायच्या तर दिल्लीची परवानगी लागत नाही, पण नोंदणीकृत नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागतेच. सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा, 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंद होत नाही.

संमती रुग्णाचीच. नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या जागी चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 99 आहे, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला घ्यायचं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी हवी. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना स्वतःचं कळत असतं, त्यांच्याशीच बोला. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा.

पीएचक्यूचा नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा. तिथे शून्याहून जास्त गुण आले तर काय करायचं हे आधी लिहून ठेवा: कार्यकर्त्याने रुग्णाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायचं, घरी जाताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून द्यायचा. दोन्ही गटांना सारखंच.

गोदातीर
चिठ्ठ्या नाशिकला हलवतो, संख्या 160 करतो. जे येऊ शकत नाहीत त्यांचा हॅमिल्टन फोनवर घेतला तर?

मोजपट्टी
त्यातला हालचालींचा मंदपणा आणि अस्वस्थपणा हे दोन मुद्दे रुग्णाला बघूनच ठरतात, आवाजावरून नाही. पीएचक्यू-9 सगळ्यांचं फोनवर घ्या आणि तेच मुख्य माप धरा. हॅमिल्टन फक्त समोर आलेल्यांचा, दुय्यम म्हणून. फोन करणाऱ्याला गट माहीत नसावा. बोलणं सुरू होतानाच त्याने सांगायचं, "तुम्ही कुठल्या खोलीत जात होतात ते मला सांगू नका." तरी कुणाच्या तोंडून निघालंच तर तशी नोंद करा आणि पुढचं मोजमाप दुसऱ्याकडे द्या.