कॅलेंडरचा बायपास बंद केला की चादरी ओल्या, उघडा ठेवला की वाफ वाया : सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. रुग्णालये आणि हॉटेले यांचे कपडे धुणाऱ्या एका लाँड्रीत यंत्रांची देखभाल माझ्याकडे आहे. कोरड्या वजनात मोजले तर दिवसाला सुमारे ४ टन कपडे आमच्याकडे निघतात. बॉयलर ७ बार दाबावर चालतो, म्हणजे वाफ साधारण १७० अंश सेल्सिअसची असते. ती धुलाई यंत्रांच्या पाण्यात थेट सोडली जाते आणि ड्रायरच्या कॉइलला व दोन रोलांच्या कॅलेंडरलाही, म्हणजे तापलेल्या रोलांवर चादरी इस्त्री करणाऱ्या यंत्रालाही, तीच जाते. इंधनाचा खप कमी व्हावा म्हणून या वर्षी कोणत्या तरी एका कामाला मंजुरी मिळणार आहे आणि ते काम कोणते असावे, हे मला सुचवायचे आहे. इंधनाइतकीच काळजी मला कॅलेंडरवर चादरी लावणाऱ्या बायकांची वाटते. गेल्या पंधरवड्यात त्यांच्यापैकी दोघींना शिफ्टच्या मध्यावर चक्कर आली. बॉयलरमधून निघालेली जी उष्णता कपड्यांच्या कामी येत नाही, तिचा मोठा भाग शेवटी त्यांच्या अंगावर येतो, म्हणून हे दोन प्रश्न मी वेगळे मानत नाही.

आतापर्यंत केलेला हिशेब असा आहे. पिळून झाल्यावर आमच्या कपड्यांत कोरड्या वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी उरते. एक किलो पाणी साध्या तापमानापासून तापवून त्याची वाफ करायची, तर यंत्र कितीही चांगले असले तरी जवळपास ०.७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागतेच. म्हणजे रोजचे २,४०० किलो पाणी उडवायला सुमारे १,७०० युनिट लागतात, आणि वाटेतली गळती त्यात धरलेलीच नाही. दुसरीकडे, धुलाईचे साधारण २०,००० लिटर पाणी ५५ अंशांच्या आसपास असतानाच रोज गटारात जाते. त्या उष्णतेवर तेवढेच नवे पाणी २० अंशांनी जरी तापले, तरी सुमारे ४६५ युनिट परत मिळतात. हा आकडा पाहून सांडपाण्यावर हीट एक्स्चेंजर (त्याची उष्णता नव्या पाण्याला देणारे यंत्र) बसवावा, असे जवळजवळ ठरत आले होते.

मात्र कॅलेंडरच्या एका गोष्टीपाशी मी अडलो आहे. दोन्ही रोलांच्या स्टीम ट्रॅपला (वाफ अडवून फक्त तिचे झालेले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेला) वळसा घालणारे बायपास व्हॉल्व्ह कायम अर्धे उघडे असतात. मी ते बंद करायला लावले, तेव्हा तासाभरात रोलांची टोके थंड पडली आणि चादरी ओलसर बाहेर येऊ लागल्या. तीच चादर दोनदा फिरवावी लागली, काम तुंबले आणि ऑपरेटरने व्हॉल्व्ह पुन्हा उघडले. मी त्यांना दोष देत नाही, कारण उत्पादनाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण बायपास उघडा असला की ताजी वाफ सरळ कंडेन्सेटच्या (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) लाइनमध्ये शिरते. पूर्वी ही लाइन बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीत जाई, तेव्हा टाकीच्या व्हेंटमधून दिवसभर पांढरा लोट निघत राही. टाकीत पाणी उसळू लागले की पंप पाणी ओढेनासा होई, म्हणून कॅलेंडरचे कंडेन्सेट कोणीतरी पूर्वीच गटारात वळवून ठेवले आहे. परिणामी बॉयलरला जाणारे पाणी जेमतेम ४५ अंशांचे असते. दोन्ही ट्रॅप फ्लोट प्रकारचे आहेत आणि मागच्याच वर्षी नवे बसवले आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. ट्रॅप नवे असूनही बायपास बंद केल्यावर रोल थंड का पडतात? सांडपाण्याचा हीट एक्स्चेंजर आधी बसवावा की कंडेन्सेटची व्यवस्था आधी नीट करावी? आणि कॅलेंडरजवळचा उकाडा कमी करण्यासाठी मोठे पंखे लावण्याचा जो विचार चालू आहे, त्याचा खरोखर उपयोग होईल का?

पहिले उत्तर

आपण बायपास बंद करून पाहिला आणि काय घडले ते नोंदवले, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. वर्णनावरून हा स्टीम लॉकचा प्रकार दिसतो. फिरत्या रोलात तळाशी साचणारे पाणी सायफन नळीने वर उचलून मधल्या जॉइंटमधून बाहेर काढले जाते. ही नळी चहूबाजूंनी वाफेने वेढलेली असते. पाण्याची पातळी उतरून नळीत वाफ शिरली, की आतल्या उष्णतेमुळे तिचे लवकर पाणी होत नाही. ती ट्रॅपपर्यंत पोहोचते, ट्रॅपला वाफ लागल्यामुळे तो बंद होतो, आणि त्या अडकलेल्या वाफेमागे रोलात पाणी साचत जाते. ट्रॅप आपले काम बरोबर करत असतो, फक्त त्याला पाणी मिळत नाही. बायपास उघडला की अडकलेली वाफ निघून जाते आणि रोल पुन्हा तापतो, म्हणून ऑपरेटरचा अनुभवही खराच आहे.

उपाय फार मोठा नाही. याच कामासाठी फ्लोट ट्रॅपमध्ये स्टीम लॉक रिलीजची सोय असलेला प्रकार मिळतो. त्यात एक बारीक नीडल व्हॉल्व्ह असतो. तो किंचितच उघडा ठेवायचा, म्हणजे अडकलेल्या वाफेला थेंबाथेंबाने वाट मिळते आणि ताजी वाफ धो-धो वाहत नाही. आपले ट्रॅप नवे असले तरी बहुधा साधे असावेत. प्रत्येक रोलाला स्वतंत्र ट्रॅप आहे ना आणि सुरुवातीची हवा बाहेर जायला एअर व्हेंट आहे ना, हेही पाहावे, कारण वाफेत हवा मिसळलेली असेल तर दाब तोच दिसतो पण तापमान कमी भरते.

खरेदीपूर्वी एक तपासणी करावी. दोन्ही रोल एकाच रिटर्न लाइनला जोडलेले असतील, तर एका रोलाच्या उघड्या बायपासमुळे लाइनमधला दाब वाढतो आणि दुसऱ्या रोलाच्या ट्रॅपला पाणी बाहेर ढकलणे कठीण होते. मग दुसराही बायपास उघडावा लागतो. त्यामुळे दोन्ही बायपास एकाच वेळी बंद करून रोलाच्या टोकांचे तापमान दर दहा मिनिटांनी मोजावे, आणि टोक थंड पडल्यावर बायपास सावकाश, हातमोजे घालून, थोडा उघडावा. रोल पुन्हा तापला आणि गटाराच्या तोंडाशी आधी पाण्याचा लोंढा व नंतर वाफ आली, तर पाणी आतच साचत होते हे पक्के समजावे. एकच रोल काही केल्या तापत नसेल, तर सायफन नळी तुटलेली आहे का ते उघडून पाहावे.

कंडेन्सेटचा प्रश्न माझ्या मते सर्वांत आधी घ्यावा. फीड पाणी दर ६ अंशांनी गरम झाले की इंधन साधारण १ टक्का वाचते, म्हणजे ४५ वरून ८५ अंशांवर गेल्यास ६ ते ७ टक्के. धुलाईत थेट सोडलेली वाफ परत येत नाही, हे मान्य. पण ड्रायर आणि कॅलेंडर यांचे जवळजवळ सगळे कंडेन्सेट परत येऊ शकते. ट्रॅप नीट चालू असतानाही ७ बारचे कंडेन्सेट मोकळ्या टाकीत पडले, की त्याच्या सुमारे १३ टक्के भागाची दाब उतरताच पुन्हा वाफ (फ्लॅश स्टीम) होते. ती व्हेंटमधून सोडून न देता टाकीतल्या पाण्याखाली छिद्रांच्या नळीने सोडावी. पंपाला त्रास होऊ नये म्हणून टाकी पंपापेक्षा पुरेशी उंच हवी. आपली टाकी जमिनीलगत असेल, तर पाणी ओढण्याच्या तक्रारीचे एक कारण तेही असू शकते.

दुसरे उत्तर

हीट एक्स्चेंजरबद्दल अनुभवाने सांगतो. सांडपाण्यातले तंतू प्लेट प्रकारच्या एक्स्चेंजरमध्ये काही दिवसांतच अडकतात. आधी चांगली गाळणी आणि ती रोज साफ करणारा माणूस, हे दोन्ही नसेल तर यंत्र बसवूनही बायपासवरच पडून राहते.

शिवाय मिळालेले कोमट पाणी वापरायचे कुठे, हे आधी ठरवावे. रुग्णालयाच्या कपड्यांची पहिली धुलाई गारच पाण्याने करावी लागते, कारण गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के होतात. मुख्य धुलाईत ते पाणी उपयोगी आहे, पण निर्जंतुकीकरणाचे तापमान त्यानंतरही गाठावेच लागते. ब्रिटनच्या मार्गदर्शनात ते ६५ अंशांवर १० मिनिटे किंवा ७१ अंशांवर ३ मिनिटे असे आहे, आणि उष्णता कपड्यांत सर्वत्र पोहोचण्याचा वेळ त्यात वेगळा धरावा लागतो. इंधन वाचवण्यासाठी यात काटछाट करू नये. कोमट पाणी टाकीत साठवून ठेवणेही टाळावे, कारण २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात.

मला आपला ६० टक्क्यांचा आकडा अधिक खटकतो. तो ५० वर आला तर आपल्याच हिशेबाने रोज ४०० किलो पाणी कमी उडवावे लागेल. पिळण्याचा पूर्ण वेळ दिला जातो का, यंत्रात कपडे जास्त भरले जातात का, ड्रेन व्हॉल्व्ह तंतूंनी अर्धवट बंद आहे का, हे आधी पाहावे. मिळालेली थोडी उष्णता शेवटच्या खळबळण्याच्या पाण्याला देता आली तर उत्तम, कारण ५० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा २० अंशांच्या पाण्याच्या जवळपास निम्मा असतो आणि ते कपड्यांतून सहज सुटते. ड्रायर घड्याळावर चालवत असाल तर तोही हिशेब तपासावा. वाळलेला टॉवेल पुढे दहा मिनिटे फिरवण्यात उष्णता जाते आणि कापडही जाते.

पंख्यांविषयी : कॅलेंडरजवळ उकाड्याइतकाच दमटपणा असतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. नुसती हवा फिरवून तो जात नाही. रोलांवर हूड (वाफ ओढून घेणारे झाकण) बसवून वाफ जागेवरच बाहेर काढावी. मात्र जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट ठेवावी, नाहीतर ड्रायर आणि हूड एकमेकांची हवा ओढतात आणि ड्रायरचा वेळ वाढतो. कोरड्या तापमापकावर विसंबू नये. ओल्या बल्बचे आणि काळ्या गोळ्याचे तापमान घेऊन डब्ल्यूबीजीटी (उष्णता आणि दमटपणा यांचा शरीरावर पडणारा एकत्र ताण दाखवणारा निर्देशांक) काढावा. छताखाली तो ओल्या बल्बच्या ०.७ पट अधिक गोळ्याच्या ०.३ पट असतो. काम थांबवून विश्रांती कधी द्यायची, हे त्यावरून ठरवता येते.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. काल दोन्ही बायपास एकत्र बंद करून पाहिले. एका रोलाचे टोक ४० मिनिटांनी थंड पडू लागले. दुसरा रोल मात्र दुपारपर्यंत गरम राहिला, म्हणजे त्याचा ट्रॅप पहिल्याच्या वाफेनेच अडत होता. थंड पडलेल्या रोलाचा बायपास उघडला, तेव्हा आधी बराच वेळ पाणीच आले. ट्रॅपच्या पाटीवर स्टीम लॉक रिलीजचा उल्लेख नाही. तसा एक ट्रॅप मागवतो आहे आणि यंदाच्या मंजुरीसाठी हीट एक्स्चेंजरऐवजी कंडेन्सेट लाइन, फीड टाकीची उंची आणि कॅलेंडरचा हूड यांचा एकत्र प्रस्ताव देणार आहे. ट्रॅप येईपर्यंत त्या एकाच रोलाचा बायपास दर अर्ध्या तासाला क्षणभर उघडायचा, असे ऑपरेटरशी बोलून ठरवले आहे, आणि चादरी लावणाऱ्या बायकांची जागा आजपासून दर तासाला बदलतो आहोत.

एक शंका उरली आहे. हूडमधून निघणारी दमट हवा जवळच्या ड्रायरच्या ताज्या हवेच्या तोंडापासून किती दूर सोडावी, जेणेकरून तीच पुन्हा आत ओढली जाणार नाही? ड्रायरचे तोंड त्याच भिंतीवर आहे आणि छतावर जायला वाट आहे. कोणी अशी मांडणी केली असल्यास कृपया सांगावे.