लेग गार्ड असूनही लिव्हर तुटतो

उभी केलेली मोटरसायकल पडून क्लचचा लिव्हर तुटतो, त्यावर उपाय म्हणून लेग गार्ड सुचवला जातो. बसवाच, पण त्याने इंजिनाचं कव्हर वाचतं, क्लचचा लिव्हर नाही. त्यासाठी लिव्हरच्या क्लॅम्पखाली हँडलला टेफ्लॉन टेपचे 2-3 वेढे द्या आणि बोल्ट इतपतच आवळा, की चालवताना क्लॅम्प हलू नये, हाताने जोरात ढकलल्यावर मात्र फिरावा. गाडी पडली तरी तो फिरतो, सहसा मोडत नाही.

बऱ्याचदा मूळ दुखणं साइड स्टँड रुतण्याचं असतं: पावसाळ्यात ओल्या मातीत, उन्हाळ्यात तापलेल्या डांबरातसुद्धा. स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवा. चढावर तोंड वरच्या बाजूला, पहिला गिअर, हँडल डावीकडे. उजवीकडे उतार असेल तर गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि नुसत्या धक्क्याने कलंडते. तिथे लावूच नका. वादळी वाऱ्यात गाडीवर घातलेलं कापडी कव्हरही काढा, ते शिडासारखं फुगतं.